बालवीरांचा सेनानी

दर शनिवारी सकाळी प्रार्थना आटोपली की आपल्या शाळेच्या पटांगणात बालवीर पथकाची शिट्टी वाजते. कोणी दोरीच्या गाठी मारण्यात गुंग असतो, तर कोणी मित्राचा धडधाकट हात मोडला आहे असे मानून तो झोळीत बांधीत असतो. हीच मुले जत्रेच्या दिवशी यात्रेकरूंना पाणी देतात आणि गर्दीत चुकलेले मूल आईबापांच्या स्वाधीन करतात. २२ फेब्रुवारीस हे पथक आपल्या आद्य प्रवर्तकाचा जन्मदिन पाळते.

गतवर्षी त्या दिवशी इयत्ता नववीच्या एका विद्यार्थ्याने मला एक प्रश्न विचारला. ज्या माणसाने अर्धा जन्म लढाया करण्यात घालविला, त्याने मुलांना सेवा कशी शिकविली? आणि तो जर परक्या साम्राज्याचा सेनापती होता, तर त्याचे स्मरण आपण का करावे? प्रश्न खरा होता. तेथल्या तेथे मला नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधण्यासाठी लॉर्ड बेडन-पॉवेल यांचे चरित्र मी पुनश्च वाचले. त्या वाचनाचा सारांश येथे देत आहे.

रॉबर्ट स्टीफन्सन स्मिथ बेडन-पॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडन शहरी झाला. वडील ऑक्सफर्ड विद्यापीठात भूमितीचे प्राध्यापक होते. रॉबर्ट तीन वर्षांचा असतानाच त्यांचे छत्र हरपले. पदरी लहान लहान मुले, मिळकत बेताची, अशा स्थितीत आईने धीर न सोडता मुलांना वाढविले. आपल्या यशाचे श्रेय पुढे ते आईलाच देत असत.

शाळेतील रॉबर्ट पहिल्या बाकावरचा विद्यार्थी मुळीच नव्हता. १८७० मध्ये चार्टरहाऊस या प्रसिद्ध विद्यालयात त्याला शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला. १८७२ साली ते विद्यालय लंडनच्या गजबजाटातून गोडाल्मिंग येथे गेले. तेथे शाळेला लागूनच एक राई होती आणि तीत जाण्यास मुलांना मनाई होती. रॉबर्टने अर्थातच तीच आपली दुसरी शाळा केली! पाऊल न वाजविता चालणे, मागमूस पाहून प्राण्याचा माग काढणे, धूर न दिसेल अशा बेताने चूल पेटविणे, शिक्षकांची चाहूल लागताच झाडावर चढून निश्चल बसणे, या विद्या तो तेथे स्वतःच शिकला. नाटकात तो रंगून जाई आणि चित्रे तर दोन्ही हातांनी काढी. परीक्षेने मात्र त्याला हात दिला नाही. ऑक्सफर्डची दारे त्याला उघडली नाहीत. परंतु १८७६ मध्ये लष्कराच्या प्रवेशपरीक्षेत तो घोडदळाच्या यादीत दुसरा आला आणि त्याच वर्षी अधिकारी म्हणून हिंदुस्थानात लखनौ येथे दाखल झाला.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बेडन-पॉवेल ज्या सैन्यात होते, ते आपल्या देशास पारतंत्र्यात ठेवणारे सैन्य होते. आफ्रिकेतही ते तेथील लोकांची भूमी जिंकण्यासाठीच लढले. १८९६ मधील माटाबेले लोकांविरुद्धच्या मोहिमेत त्यांनी एका बंदिवान आफ्रिकी नायकास लष्करी न्यायालयापुढे उभे करून गोळ्या घालविल्या. या कृत्याची चौकशी झाली आणि तीत ते निर्दोष ठरविले गेले. परंतु ती चौकशी करणारेही त्यांच्याच पक्षाचे होते, हे विसरता येत नाही.

तथापि एक शिक्षक म्हणून त्यांचा एक गुण मला मोलाचा वाटतो. शिपायाने नुसते हुकूम पाळणारे यंत्र बनू नये, त्याने स्वतः पाहावे, विचार करावा आणि एकट्याने निर्णय घ्यावा, असे त्यांचे मत होते. ते आपल्या शिपायांच्या लहान लहान तुकड्या करीत, त्यांना रात्री अनोळखी प्रदेशात पाठवीत आणि परत आल्यावर कोणी काय पाहिले ते विचारीत. या अनुभवावर त्यांनी हेरगिरी व टेहळणी यांविषयी शिपायांसाठी एक छोटे पुस्तक लिहिले. ते १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली.

दक्षिण आफ्रिकेत इंग्रज व बोअर यांचे युद्ध जुंपले. १३ ऑक्टोबर १८९९ रोजी बोअरांनी मॅफेकिंग या लहानशा गावाला वेढा घातला. गावाच्या रक्षणाचा भार बेडन-पॉवेल यांच्यावर होता. हाताशी हजार-बाराशे लढवय्ये आणि समोर कितीतरी पटींनी मोठी फौज! त्यांनी युक्तीचा आश्रय केला. खोटे सुरुंग पेरल्याचा देखावा केला, नसलेल्या काटेरी तारा ओलांडीत असल्याचे सोंग शिपायांना करावयास लावले आणि शत्रूला संभ्रमात ठेवले. वेढा एकंदर २१७ दिवस चालला आणि १७ मे १९०० रोजी उठला.

याच वेढ्यात शाळकरी मुलांचे एक सेवापथक उभे राहिले. लॉर्ड एडवर्ड सेसिल या अधिकाऱ्याने ते संघटित केले आणि वॉर्नर गुडइयर नावाचा मुलगा त्याचा नायक झाला. चौक्यांवर निरोप पोहोचविणे, टेहळणी करणे, इस्पितळात मदत करणे ही कामे मुलांनी अंगावर घेतली आणि त्यामुळे मोठी माणसे तटावर मोकळी झाली. आरंभी ती गाढवांवरून जात, पुढे सायकलींवरून जाऊ लागली. वेढ्यात छापलेल्या टपालाच्या तिकिटावर सायकलस्वार गुडइयरचे चित्र झळकले. जेथे एरवी राजाराणीची मुद्रा असावयाची, तेथे एका शाळकरी पोराची मुद्रा आली! विश्वास टाकला तर मुलगा मोठ्या माणसाइतकी जबाबदारी पेलतो, हा धडा बेडन-पॉवेल यांनी मनात जपून ठेवला.

परंतु मॅफेकिंगची दुसरीही बाजू आहे. गावाला लागूनच बारोलाँग या आफ्रिकी लोकांची वस्ती होती. त्यांनीही वेढ्यात शौर्याने भाग घेतला, पण धान्य वाटताना गोऱ्यांना अधिक व काळ्यांना कमी असा भेद झाला. आश्रयास आलेले अनेक निराधार आफ्रिकी लोक उपासमारीने मेले. अन्न चोरल्यावरून काहींना देहदंडही झाला. न्यायालयातील दुभाषा सोल प्लाट्ये हा तरुण त्या वेळी तेथे रोजनिशी लिहीत होता. हाच पुढे दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकी जनतेचा एक थोर पुढारी झाला. त्याची रोजनिशी १९७३ मध्ये छापून निघाली आणि त्या वेढ्यातील आफ्रिकी लोकांचे जीवन जगापुढे आले. लंडनच्या रस्त्यांवर विजयाचा जल्लोष चालला असता कोणाच्या ताटातील घास कमी झाला होता, हे इतिहासाने सांगावयास सत्तर वर्षे लावली.

वेढा उठल्यावर बेडन-पॉवेल एका रात्रीत इंग्लंडचे लाडके वीर ठरले. १९०३ मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा त्यांना एक नवल दिसले. शिपायांसाठी लिहिलेले आपले पुस्तक शिक्षक व मुले आवडीने वाचीत आहेत! मग त्यांनी त्या विद्येतून युद्ध वगळून उरलेला भाग मुलांसाठी नव्याने मांडण्याचे ठरविले. ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर त्यांनी सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. त्यांत श्रीमंतांच्या विद्यालयांतील मुले होती, तशीच कष्टकऱ्यांचीही होती. लांडगा, बैल, कर्लू पक्षी व डोमकावळा अशा नावांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघाचे पुढारीपण मुलाकडेच सोपविले. शेकोटीभोवती सारे एकत्र बसत, एकत्र जेवत. वर्गभेद कडक असलेल्या त्या काळच्या इंग्लंडात ही लहान गोष्ट नव्हती.

१९०८ च्या जानेवारीपासून त्यांचे मुलांसाठीचे पुस्तक पाक्षिक भागांनी निघू लागले. ते हाती पडताच मुलांनी कोणाच्या आज्ञेची वाट न पाहता गावोगाव पथके काढली. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील मेळाव्यात काही मुलीही गणवेश घालून आल्या आणि आपल्यालाही सामील करून घ्या, असा त्यांनी आग्रह धरला. त्यांच्या धिटाईचे फळ म्हणून १९१० मध्ये वीरबालांची स्वतंत्र संस्था निघाली. बेडन-पॉवेल यांची बहीण ॲग्नेस तिची प्रमुख झाली. आपल्या शाळेतील मुलींनी हे ध्यानात ठेवावे : हा हक्क कोणी त्यांना आपण होऊन दिला नव्हता, तो मुलींनीच मागून घेतला.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले तेव्हा या मुलांची कसोटी लागली. तटरक्षक आरमारात गेल्यामुळे समुद्रकिनाऱ्यावर पहारा देण्याचे काम बालवीरांनी केले. पूल व तारायंत्राच्या तारा त्यांनी राखल्या. विमानहल्ला संपला की लंडनच्या रस्त्यांतून बिगूल वाजवीत जाऊन लोकांना निर्भय केले. युद्ध संपल्यावर १९२० मध्ये लंडनला अनेक देशांच्या बालवीरांचा पहिला जागतिक मेळावा भरला. सेनापतीने आता जगाच्या मुलांना एकमेकांचे भाऊ म्हणून एकत्र आणले होते.

हिंदुस्थानात मात्र ही चळवळ एका अन्यायाने सुरू झाली. १९०९ मध्ये बंगळूर येथे पहिले पथक निघाले खरे, पण त्यात गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलांनाच प्रवेश होता. आपल्या पुढाऱ्यांनी रुसून न बसता स्वतःची पथके काढली. ॲनी बेझंट यांनी मद्रासेत, तर पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेत सेवा समितीच्या बालवीरांची संघटना उभारली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल स्वतः येथे आले व समेटाचे प्रयत्न झाले, परंतु सेवा समिती स्वतंत्रच राहिली. १९३७ मध्ये दिल्लीच्या मेळाव्यास ते पुन्हा आले. त्यानंतर त्यांनी भारतीयांच्या चारित्र्याविषयी अनुदार उद्गार काढले आणि देशभर संताप उसळला. अनेकांनी त्यांची संस्था सोडली आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट संस्था स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, या संघटना एक होऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था जन्मास आली. आपले पथक तिचेच आहे.

बेडन-पॉवेल यांनी शेवटचे दिवस केनियातील न्येरी गावी काढले. तेथेच ८ जानेवारी १९४१ रोजी, दुसरे महायुद्ध ऐन भरात असता, त्यांनी देह ठेवला. त्यांच्या समाधिशिलेवर वर्तुळ व त्यात एक बिंदू अशी खूण कोरली आहे. बालवीरांच्या सांकेतिक भाषेत तिचा अर्थ, मी घरी गेलो आहे, असा होतो.

त्याच वर्षांत जर्मनांनी व्यापलेल्या पोलंडात बालवीरांवर बंदी होती. तरीही तेथील मुलांनी गुप्तपणे आपली संघटना चालविली आणि १९४४ च्या वॉर्सा येथील उठावात जळत्या शहरातून टपाल पोहोचविले. मॅफेकिंगच्या मुलांचेच काम, पण या वेळी ते साम्राज्यासाठी नव्हे, स्वातंत्र्यासाठी होते. आणि हा धागा आपल्या दारापर्यंत येतो. बेळगावाहून फार दूर नसलेल्या कोल्हापूरजवळ, वळिवडे येथे, १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. परमुलखात त्यांनी शाळा चालविल्या आणि बालवीरांची पथकेही. घरदार हरपलेल्या त्या मुलांना त्या पथकांत एक घर सापडले असेल, असे मला वाटते.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळतो. बेडन-पॉवेल यांना देव्हाऱ्यात बसविण्याचे कारण नाही. धान्य वाटताना त्यांनी केलेला भेद आणि आपल्या लोकांविषयीचा त्यांचा अनुदारपणा झाकून ठेवणे हे सत्यास धरून होणार नाही. पण मुलावर विश्वास टाकावा, हे त्यांनी लावलेले रोप मात्र त्यांच्या कुंपणात राहिले नाही. ज्यांना त्यांनी कमी लेखले, त्यांनीच ते आपल्या मातीत लावून वाढविले. म्हणून विद्यार्थिमित्रहो, येत्या जत्रेत पाण्याचा पेला पुढे कराल, तेव्हा समोरचा कोण आहे हे पाहू नका. मॅफेकिंगच्या वेढ्यात जे घडले नाही, ते तुमच्या हातून घडो.