अंगणातल्या ताराबाई

माझ्या बहिणीचा मुलगा तीन वर्षांचा आहे. दिवाळीत ती माहेरी आली तेव्हा तो बोलताना अडखळू लागला होता. पाणी मागायचे तर पहिलेच अक्षर चारपाच वेळा म्हणायचा आणि डोळे मिटून शब्द बाहेर ढकलायचा. आजीने वेखंड उगाळायला काढले, भाऊजी त्याला नीट बोल म्हणून दटावू लागले, शेजारची पोरे तोतऱ्या म्हणून चिडवू लागली. खोटे कशाला सांगू, एकदा मीही हसले. त्यानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला.

सुट्टी संपवून मी संभाजीनगरला परतले, पण ते मनातून जाईना. त्याच दिवसांत ग्रंथालयात ताराबाई मोडकांचे चरित्र हाती आले. आमच्या गावच्या अंगणवाडीत मी खिचडी खाल्ली, गाणी म्हटली. पण अंगणवाडी ही कल्पना कोणाची, हे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत मला ठाऊक नव्हते!

ताराबाई मूळच्या केळकर. जन्म मुंबईचा, 19 एप्रिल 1892 चा. घर सुधारकी, प्रार्थना समाजाच्या वळणाचे. मुलींनी चार इयत्ता शिकणेही नवलाचे होते त्या काळात त्या पदवीधर झाल्या. लग्न होऊन अमरावतीला गेल्या, पण तो संसार टिकला नाही. 1921 साली त्या विभक्त झाल्या. पदरी लहान मुलगी. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद त्यांना मिळाले होते. मानाची, पगाराची नोकरी. ती सोडून 1923 साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. आमच्या घरात कोणी असे केले असते तर त्याला वेडात काढले असते.

गिजुभाईंनी माँटेसोरी पद्धत आपल्या मातीत रुजवायला घेतली होती. तेथे छडी नव्हती, पाठांतर नव्हते. 1926 साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला, आणि ही मराठी बाई गुजरातीतून शिक्षणपत्रिका चालवू लागली. 1936 साली दादरला शिशुविहार निघाले. इथवरचे काम शहरातले, बऱ्या घरच्या मुलांचे.

मला खऱ्या ताराबाई भेटतात त्या 1945 नंतरच्या. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी मुंबई सोडून ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डीला मुक्काम हलवला. सोबतीला अनुताई वाघ आल्या. बालवाडी काढली, पण गरिबांची मुले आपण होऊन यायची नाहीत. तेव्हा बालवाडीच उठून वस्तीतल्या अंगणात गेली. महागडी माँटेसोरी साधने कुठून आणणार? शंख, शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. आधी मुलांना धुवायचे, न्हाऊ घालायचे, मग गाणी आणि गोष्टी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांत काम सुरू झाले. ती मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. 1962 साली पद्मभूषण मिळाले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या गेल्या. दोनच वर्षांनी, 1975 मध्ये, सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली.

कोसबाडची मुले घरी वारली बोलत. आपली बोली घेऊन शहरी वर्गात उभे राहणे काय असते, हे मला विचारा. पहिल्या वर्षी माझ्या तोंडून व्हतं, न्हाई असे निघाले की मागच्या बाकावर हशा पिकायचा, आणि मग येत असलेले उत्तरही घशात अडकायचे. भाच्याला हसताना हे मला का आठवले नाही?

मानसशास्त्राच्या बाईंना मी भाच्याविषयी विचारले. त्या म्हणाल्या की दोन ते पाच वर्षांच्या पुष्कळ मुलांचे असे होते. सांगायचे खूप असते, शब्द जुळवायला वेळ लागतो. बहुतेकांचे आपोआप सुटते. सहा महिने ते वर्षभर टिकले, वाढले किंवा मूल बोलायलाच कचरू लागले तर वाणीतज्ज्ञाला दाखवावे. तोवर टोकू नये, घाई करू नये, त्याचा शब्द आपण पुरा करू नये. तो बोलायला कचरतो, तेही माझ्यामुळे, हे मी ताईला फोनवर सांगून टाकले. भाऊजींना समजावणे मात्र तिच्याकडेच ठेवले.

संक्रांतीला मी ताईच्या घरी गेले. अंगणात बसून चिंचोके मांडले, बोलले काहीच नाही. बऱ्याच वेळाने तो जवळ आला आणि वासराची गोष्ट सांगू लागला. व वर गाडी फार वेळ अडली. वासरू हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी चिंचोके मोजत राहिले.