संत जेरोम

ख्रिस्ती धर्माचा उगम ज्यू लोकांत झाला. तथापि चौथ्या शतकात रोममधील ख्रिस्ती लोक ज्यूंचे प्राचीन धर्मग्रंथ ग्रीकवरून केलेल्या लॅटिन भाषांतरात वाचीत. मूळ हिब्रूकडे वळणारा विरळाच. जेरोम या विद्वान संन्याशाला हे रुचेना. इ. स. ३८६ मध्ये तो बेथलेहेमास जाऊन राहिला. तेथे एक ज्यू गुरू लोकभयास्तव रात्री येऊन त्यास हिब्रू शिकवी. केवढे हे धैर्य!

इ. स. ४०५ च्या सुमारास जेरोमने हिब्रूवरून लॅटिन भाषांतर पुरे केले. पुष्कळ लोक रुष्ट झाले. आफ्रिकेतील एका प्रार्थनामंदिरात ते वाचताना, योनाच्या कथेत भोपळ्याच्या वेलाऐवजी आयव्हीचा वेल ऐकून गोंधळ माजला. बिशपला खरा शब्द विचारण्यास ज्यूंकडेच जावे लागले! जेरोम मात्र डगमगला नाही. इ. स. ४२० मध्ये बेथलेहेम येथेच तो निवर्तला.