उमर खय्याम : रुबायांपलीकडचे गणितज्ञ

उमर खय्याम म्हटलं की आपल्याला रुबायाच आठवतात. आज आम्ही त्यांच्यातल्या गणितज्ञाची आठवण काढतोय.

१०४८ मध्ये निशापूरला जन्मलेल्या खय्याम यांनी घन समीकरणं वक्रांच्या छेदबिंदूवरून सोडवली. जो बिंदू दोन्ही वक्रांवर, त्यावरून उत्तराची लांबी मिळे.

आज आपली मुलं य = २क्ष + १ या रेषेवर (२, ५) बिंदू आहे का, हे किमती ठेवून तपासतात. दोन दुणे चार, अधिक एक, पाच. जुळलं, म्हणजे बिंदू रेषेवर! भूमिती आणि समीकरणाचं हे नातं खय्याम यांनी देकार्तच्या साडेपाचशे वर्षं आधी ओळखलं होतं.

१०९२ मध्ये सुलतान मलिकशाह वारले, इस्फहानच्या वेधशाळेचा पैसा थांबला. ११३१ मध्ये निशापूरलाच खय्याम यांचा इंतकाल झाला. आश्रय गेला, इल्म उरलं. म्हणून घरातल्या लेकरांचं गणित सुटू देऊ नका.