समुद्र थाळीत उतरवणारा कुंभार

लांबट गोल आकाराची एक मोठी थाळी. मधोमध खडकाळ बेट आणि त्यावर वेटोळे घालून पडलेला साप. बेटाभोवती निळसर पाणी, पाण्यात पोहणारे मासे. काठावर शंख, शिंपले, बेडूक, सरडे आणि नेच्याची पाने. जवळ जाऊन पाहिले तर माशाचे प्रत्येक खवले वेगळे दिसते, पानाची शीर न् शीर मोजता येते. हे सगळे भाजलेल्या मातीचे आहे आणि साडेचारशे वर्षांपूर्वी हाताने घडवलेले आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अशा थाळ्या आहेत. त्यांच्याशी कायमचे जोडले गेलेले नाव म्हणजे बर्नार पालिसी.

पालिसीचा जन्म १५१० च्या सुमारास नैर्ऋत्य फ्रान्समध्ये झाला. चर्चच्या खिडक्यांसाठी काचेवर रंगकाम करण्याचा धंदा तो शिकला. लॅटिन, ग्रीक त्याला येत नव्हते. त्या काळात विद्वान म्हणवून घ्यायला या दोन भाषा लागत. तरुणपणी पुष्कळ भटकंती करून तो अटलांटिक किनाऱ्याजवळच्या सँत या गावी स्थायिक झाला. तिथे लग्न झाले, मुले झाली. काचेच्या कामावर भागेना, तेव्हा तो लोकांची चित्रे काढी, जमिनींची मोजणी करी. मिठावरचा कर बसवण्यासाठी राजाचे अधिकारी त्या भागात आले, तेव्हा तिथल्या मिठागरांचे नकाशे करण्याचे काम त्याला मिळाले. मिठागरे मोजता मोजता किनाऱ्यावरचे शंख, शिंपले आणि मासे त्याच्या पक्क्या ओळखीचे झाले. पुढे हीच ओळख त्याच्या कलेच्या आणि शास्त्राच्याही कामी आली.

पांढऱ्या पेल्याचे वेड

एके दिवशी कुणीतरी त्याला पांढऱ्या झिलईचा एक सुंदर पेला दाखवला. तशी पांढरी झिलई आपण करायचीच, असे त्याने ठरवले. त्या वेळी त्याला कुंभारकाम येत नव्हते.

झिलई म्हणजे काय, हे आपल्या माठावरून समजते. उन्हाळ्यात वरठी-भंडाऱ्याच्या बाजारातून आणलेला माठ पाणी गार करतो, कारण तो झिरपतो. भाजलेल्या मातीतल्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर येते, वाफ होऊन उडते आणि उडताना माठातली उष्णता घेऊन जाते. पण तेल, दूध किंवा लोणचे ठेवायचे असेल, तर हेच झिरपणे अडचणीचे होते. म्हणून भांड्यावर काचेचा पातळ थर देतात. लोणच्याच्या बरणीवरची चकाकी ती हीच. तिचा मुख्य घटक सिलिका, म्हणजे साध्या भाषेत वाळू. शुद्ध सिलिका वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागते. साधे मातीचे भांडे एवढी आच सोसत नाही. सिलिकेत शिशाचे ऑक्साइड मिसळले, की मिश्रण पुष्कळ कमी आचेवर वितळते आणि थरही तुकतुकीत येतो. जुन्या काळच्या कुंभारांना शिसे प्रिय होते ते यामुळे. कथलाच्या ऑक्साइडने झिलई पांढरी होते, तांब्याने हिरवी, कोबाल्टने निळी, मँगनीजने तपकिरी किंवा जांभळट आणि लोहाने पिवळसर.

आज हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. पालिसीला मात्र एकेक पदार्थ कुटून, दळून, खापरांच्या तुकड्यांवर माखून भट्टीत घालावा लागला. शेकडो तुकडे वाया गेले. अखेर काच कारागिराच्या भट्टीत घातलेल्या सुमारे तीनशे तुकड्यांपैकी एकावर झिलई वितळून पांढरी झाली, तेव्हा त्याला पुन्हा उमेद आली. त्याने घराजवळ स्वतःची भट्टी बांधली. विटा स्वतः वाहिल्या, गारा स्वतः कालवला. दोन धट्ट्याकट्ट्या माणसांनी फिरवायची हातचक्की तो एकटाच फिरवी.

भट्टीत गेलेले घर

सहा दिवस आणि सहा रात्री भट्टी पेटती ठेवूनही झिलई वितळली नाही. त्याने मिश्रण बदलले, पण तोवर सरपण संपले. मग कुंपणाचे खांब, घरातली मेजे आणि शेवटी जमिनीच्या फळ्या त्याने भट्टीत घातल्या. आज पोलाद कारखान्यात भट्टीच्या आतले तापमान यंत्रे दाखवतात. पालिसीजवळ ज्वाळेचा रंग ओळखणारे डोळे तेवढे होते. गावात बोभाटा झाला, की हा वेडा झाला आहे, खोटी नाणी पाडतो आहे. मदतनीस कुंभाराला द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने अंगावरचे कपडे दिले. एकदा सगळे जमून आले, पण भट्टीच्या गाऱ्यातले गारगोटीचे खडे उष्णतेने तडकले आणि त्यांच्या ठिकऱ्या ओल्या झिलईला चिकटल्या. लोक तो माल कमी किमतीत घ्यायला तयार होते. त्याने विकला नाही, फोडून टाकला.

या धडपडीत १५-१६ वर्षे गेली. पोटऱ्या इतक्या झिजल्या होत्या, की मोजे टाचेपर्यंत घसरत, असे वर्णन त्याने स्वतःच करून ठेवले आहे. शरीर एवढे वाळायला उपासमार, जागरण आणि भट्टीची धग पुरेशी होती. पण त्या अंगणात शिशाची पूडही उडत होती. अशी पूड श्वासातून जाते. हाताला लागून घासाबरोबर पोटात जाते. शरीर तिला कॅल्शियम समजून हाडांत साठवते आणि ती तिथे वर्षानुवर्षे राहते. पोटात कळा, बद्धकोष्ठता, रक्तक्षय आणि मनगट लुळे पडणे ही शिशाच्या विषबाधेची जुनी लक्षणे. इटालियन वैद्य रामाझ्झिनी याने १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात शिसे दळणाऱ्या कुंभारांचे कापणारे हात आणि लुळे पडलेले अवयव त्याने नोंदवले. ब्रिटनमध्ये कामगाराला झालेली शिशाची बाधा सरकारला कळवण्याची कायदेशीर जबाबदारी डॉक्टरांवर आली ती १८९५ मध्ये. पालिसीच्या काळी असे काही नव्हते.

त्याच्या घरावर दुसरे संकट जंतांचे होते. आपली सहा मुले जंतांनी दगावली, असे त्याने लिहून ठेवले आहे. मुलांच्या तोंडातून जंत पडत, मरणाच्या वेळी नाकावाटेही येत. मृत्यूनंतर मुलांची शरीरे उघडून पाहण्यात आली, तेव्हा कारणाची खात्री पटली. हे वर्णन आजच्या डॉक्टरला गोल जंताचे वाटेल. हा जंत ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि संख्या फार झाली, की आतडे तुंबवतो. त्याची अंडी मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. ती मातीत राहतात आणि न धुतलेल्या हातांवरून, भाज्यांवरून पोटात जातात. आयुष्यभर मातीकडे बारकाईने पाहणाऱ्या या बापाला मातीतले हे अंडे दिसणे शक्य नव्हते. सूक्ष्मदर्शकाचा शोधच अजून लागायचा होता.

जिवांचे ठसे

पांढऱ्या झिलईच्या शोधात निघालेल्या पालिसीचे नाव झाले ते रंगीत झिलईमुळे आणि प्राण्यांच्या ठशांमुळे. मेलेला मासा, बेडूक किंवा शिंपला थाळीवर हवा तसा मांडायचा, त्यावर प्लास्टर ओतून साचा घ्यायचा, साच्यात माती दाबायची, भाजायची आणि मग एकेका जिवाला त्याच्या रंगाची झिलई द्यायची, अशी ही पद्धत. रंग चुकला तर सरडा मातीचा गोळा दिसतो. जमला तर आता पळेल असे वाटते. म्हणून कोणता मासा कुठल्या पाण्यात राहतो, कोणत्या शंखाला किती वळसे असतात, हे त्याला पाहावेच लागे.

फ्रान्सचा सेनापती आन द मोंमोरन्सी याने त्याला काम दिले. मात्र पालिसी प्रॉटेस्टंट होता आणि देशात धर्मयुद्ध पेटले होते. १५६२ मध्ये त्याला पकडून बोर्दोच्या तुरुंगात टाकले, त्याच्या कामाच्या जागेची नासधूस झाली. वरिष्ठांच्या रदबदलीने तो सुटला आणि राजघराण्याचा कारागीर ठरला. राजमाता कॅथरिन द मेदिची हिने पॅरिसच्या त्विलरी बागेत कृत्रिम गुहा करण्याचे काम त्याच्यावर सोपवले. तिथल्या त्याच्या भट्ट्यांचे आणि साच्यांचे अवशेष १९ व्या शतकात आणि पुन्हा १९८० च्या दशकात लूव्रच्या परिसरातील खोदकामात सापडले.

दगडातले शिंपले

१५७५ पासून पालिसीने पॅरिसमध्ये जाहीर व्याख्याने सुरू केली. प्रवेश फी होती एक सोन्याचे नाणे. आपले म्हणणे कुणी खोटे ठरवले, तर चौपट पैसे परत देण्याची त्याची तयारी होती. श्रोत्यांत वैद्य आणि शल्यचिकित्सक पुष्कळ होते. आधुनिक शस्त्रक्रियेचा एक जनक मानला जाणारा आंब्रुवाज पारे हाही त्यांत होता.

व्याख्यानाच्या जागी शंख, शिंपले आणि दगड मांडलेले असत. समुद्रापासून दूर, डोंगरातल्या दगडांत शिंपल्यांचे आकार सापडतात ते कसे? निसर्गाने दगडावर केलेली ती नक्षी आहे, असे काही जण म्हणत. काही जण जगबुडीच्या पुराकडे बोट दाखवत. पालिसी म्हणे, की हे जीव एके काळी त्याच जागी, पाण्यात जगले आणि मेले. पुढे तळचा चिखल आणि त्यांची कवचे मिळून दगड झाला. हजारो शिंपल्यांचे साचे घेतलेल्या माणसाला ठसा कशाचा आहे, हे कुणी सांगायला नको होते. लिओनार्दो दा विंचीने असेच विचार आधी आपल्या वह्यांत लिहिले होते, पण त्या वह्या छापल्या गेल्या नव्हत्या. पालिसीने आपले म्हणणे १५८० मध्ये फ्रेंच भाषेत पुस्तकरूपाने छापले. झऱ्यांचे पाणी पावसातूनच येते, हेही त्यात स्पष्ट मांडले होते. विहिरी आणि बोअरवेलवर जगणाऱ्या आपल्या भागाला ही गोष्ट आज साधी वाटेल. त्या काळी झऱ्यांना जमिनीखालून समुद्राचे पाणी मिळते, असे पंडित मानत.

याच पुस्तकात तो वैद्यकाकडेही वळला. श्रीमंत रोग्यांना शक्तीसाठी सोने खाऊ घालण्याची प्रथा होती. सोने पोटात पचत नाही, ते जसेच्या तसे राहते, मग त्यातून पोषण कसे होणार, असा त्याचा मुद्दा. असंख्य द्रव्ये एकत्र करून केलेल्या, सर्व विषांवर चालणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या औषधावरही त्याने टीका केली. भट्टीत इतके पदार्थ मिसळून पाहिलेल्या माणसाला माहीत होते, की एकात दुसरे मिसळले की पहिल्याचा गुण तसाच राहील याची खात्री नसते.

बास्तीय

१५८८ मध्ये धर्मासाठी त्याला पुन्हा अटक झाली. वय ७५ च्या पुढे गेले होते. धर्म बदलला असता तर तो वाचला असता. त्याने बदलला नाही. बास्तीयच्या तुरुंगात १५९० च्या सुमारास तो मरण पावला. जीवाश्मांबद्दलचे त्याचे म्हणणे विद्वानांनी गांभीर्याने घेतले ते १८ व्या शतकात. १९ व्या शतकात फ्रान्स आणि पोर्तुगालमध्ये त्याच्या थाळ्यांची नक्कल करणारे कुंभार पुढे आले आणि खेकडे, मासे, शिंपले मातीत घडवण्याची कला पुन्हा बहरली. आजही ती चालू आहे. फरक इतकाच, की जाणते कारागीर आता शिसे नसलेली झिलई वापरतात, कोरडी पूड हाताळताना मास्क लावतात आणि कामाची जागा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसतात. सिलिकेची धूळ फुप्फुसात गेली, तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही.

पालिसीच्या घराला ज्यांनी गाठले, ते दोन्ही धोके आजही घराघरांत आहेत; त्यांवरचे उपाय मात्र आता हाताशी आहेत. आपल्याकडे राष्ट्रीय जंतनाशक दिनी, म्हणजे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला, १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी मोफत देतात. ती चुकवू नये. मातीत खेळून आलेल्या मुलाचे हात साबणाने धुवावेत. शिसे मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषले जाते आणि त्याची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही. म्हणून झिलई कशाची आहे हे माहीत नसलेल्या रंगीत, जुन्या किंवा तडे गेलेल्या भांड्यात लोणचे, चिंचेचे सार, ताक, लिंबू असे आंबट पदार्थ ठेवू नयेत. आम्लामुळे झिलईतले शिसे अन्नात उतरते. अशी सुंदर थाळी घरी असेल, तर ती भिंतीवर किंवा कपाटात ठेवावी. पालिसीच्या थाळ्याही पाहण्यासाठीच होत्या, जेवण्यासाठी नव्हत्या.