निष्कामकर्ममठाचे संस्थापक : महर्षी धोंडो केशव कर्वे

श्रीमद्भगवद्गीतेचे निरूपण ऐकताना निष्काम कर्म हे शब्द आपल्या कानांवरून इतक्या वेळा जातात की, ते आचरणात आणण्यासारखे काही आहे याचे भानही श्रोत्यास राहत नाही. वक्ता अर्थ सांगतो, श्रोता मान डोलावतो, आणि सभा विसर्जित होते. परंतु १९०८ साली पुण्याजवळच्या हिंगणे या खेड्यात एका गणिताच्या प्राध्यापकाने याच शब्दांची पाटी करून एका संस्थेवर लावली आणि त्या पाटीखाली स्वतः पहिल्याने उभा राहिला. त्या पुरुषाचे नाव धोंडो केशव कर्वे. सज्जन वाचकहो, हे चरित्र आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचले असेल. तथापि जो भाग पुस्तकात दोन ओळींत आटोपतो, तोच साधकाने सावकाश वाचावा अशा योग्यतेचा आहे.

कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या त्यांच्या आजोळी झाला. घर दापोली तालुक्यातील मुरूडचे. एके काळी संपन्न असलेल्या या कुळास वडील केशवपंतांच्या वेळेपर्यंत दारिद्र्याने गाठले होते. १८७५ साली मराठी सहावीची सार्वजनिक परीक्षा द्यावयाची म्हणून हा मुलगा सोबत्यांसह मुरूडहून साताऱ्यास निघाला. पावसाळ्याने समुद्र खवळलेला, म्हणून मुंबईचा मार्ग बंद. तेव्हा कुंभार्ली घाट चढून शंभराहून अधिक मैल त्यांनी पायीच तुडविले. साताऱ्यास पोहोचल्यावर परीक्षकांनी त्याचा किरकोळ बांधा पाहून त्याचे वय कमी ठरविले आणि परीक्षेस बसू दिले नाही. तो परत फिरला, आणि पुढल्या वर्षी कोल्हापुरास जाऊन तीच परीक्षा उत्तीर्ण झाला. पुढे आयुष्यभर त्यांच्या वाट्यास जे आले त्याचा हा नमुनाच म्हणावा: दार बंद आढळले की, न रागावता दुसऱ्या दारी जाऊन उभे राहावयाचे.

मॅट्रिक १८८१ साली व गणित घेऊन बी. ए. १८८४ साली, अशी त्यांच्या शिक्षणाची चाल मंदच होती. मुंबईत शिकवण्या करून ते संसार चालवीत. त्या ओढगस्तीतही १८८६ साली त्यांनी गावाबाहेर नोकरी करणाऱ्या मुरूडकरांस एकत्र करून मुरूड फंड काढला. प्रत्येकाने आपल्या मिळकतीतून अल्प भाग द्यावा आणि त्यातून गावाच्या शिक्षणाची सोय व्हावी, एवढीच ती योजना. एकट्याने मोठे दान करण्यापेक्षा अनेकांकडून थोडे थोडे घ्यावे, म्हणजे कार्य सर्वांचे होते, ही त्यांची समजूत तेव्हापासूनची आहे.

१८९१ साली त्यांची पत्नी राधाबाई निवर्तली. त्याच वर्षाअखेर गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविण्यासाठी पुण्यास आले. दुसरा विवाह करण्याचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी विधवेशीच विवाह करण्याचे ठरविले. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई बालपणीच वैधव्य आलेली होती आणि पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील ती पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी हा विवाह झाला आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. ज्या मुरूडसाठी फंड काढला, त्याच मुरूडने सभा भरवून कर्व्यांवर बहिष्कार घातला. वृद्ध आई व भाऊ यांच्यावरही त्याचा भार पडला. गावी गेल्यास त्यांना स्वतःच्या घरात राहण्याची सोय उरली नाही. कर्व्यांनी ग्रामस्थांविषयी कटू शब्द काढला नाही. पण आईच्या मनास झालेले दुःख त्यांच्या मनात दीर्घकाळ राहिले.

येथे आपल्या पंथीयांनी क्षणभर थांबावे. श्रीचक्रधरस्वामींच्या सन्निधानी ज्या महदाइसांना स्थान मिळाले, ज्यांनी धवळे रचले, त्या बालविधवा होत्या असे परंपरा सांगते. तेराव्या शतकात ज्या स्त्रीला ज्ञानाचा अधिकार नाकारला गेला नाही, तिच्याच स्थितीतील सहस्रावधी स्त्रिया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात केशवपन करून बसविलेल्या होत्या. कर्व्यांच्या दृष्टीस जी विधवा पडत होती ती हीच.

पुनर्विवाहाच्या चळवळीत काही वर्षे काम केल्यावर त्यांच्या लक्षात आले की, विवाह करू इच्छिणाऱ्या विधवा थोड्या; ज्यांना केवळ स्वतःच्या पायांवर उभे राहावयाचे आहे अशा पुष्कळ. त्यांना हवी होती विद्या. म्हणून १४ जून १८९६ रोजी पुण्यात अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. अध्यक्ष डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, चिटणीस कर्वे. स्वतःजवळ साठविलेले एक हजार रुपये त्यांनी प्रथमारंभीच मंडळीच्या स्वाधीन केले. पुढे आपल्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही संस्थेस देऊन टाकली. घरी मुलेबाळे असताना हे केले, याबद्दल आनंदीबाईंचा संताप झाला, आणि तो संताप अयोग्य होता असे म्हणवत नाही.

प्लेगने पुणे ओस पडू लागले तेव्हा आश्रम गावाबाहेर नेणे भाग पडले. रावबहादूर गोखले यांनी हिंगणे येथील सहा एकर जमीन व घर बांधण्यासाठी साडेसातशे रुपये दिले, आणि १९०० साली तेथे एक झोपडीवजा घर उभे राहिले. सभोवती माळरान, रात्री दिव्याचा आधार तेवढा. आश्रमात मोजक्या विधवा. त्यांना रात्री एकट्या कसे ठेवावे? कर्वे दिवसभर महाविद्यालयात गणित शिकवीत, सायंकाळी आश्रमास लागणारे सामान घेऊन पायी हिंगण्यास जात, रात्री मुलींना शिकवीत, तेथेच निजत, आणि पहाटे पुन्हा पुण्याची वाट धरीत. पावसाळ्यात काळ्या मातीच्या त्या वाटेवर चिखल इतका की पाऊल काढता काढता जीव जाई. हा क्रम एका दिवसाचा नव्हे, पहिली दोन वर्षे असाच चालला. नित्य अटन करणाऱ्या भिक्षूला चालणे म्हणजे काय ते ठाऊक असते; ज्याला पोचल्यावर विश्रांती नाही, पुन्हा काम आहे, त्याचे चालणे आणखी वेगळे.

या काळातील एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आश्रमात पुनर्विवाहाचा प्रसार होणार नाही असे आश्वासन कर्व्यांना समाजास द्यावे लागले होते. नाहीतर सनातनी कुटुंबे आपल्या मुली पाठवितीना. याचा परिणाम असा झाला की, पुनर्विवाहित म्हणून खुद्द आनंदीबाईंना आश्रमात राहण्याची मोकळीक मिळाली नाही. ज्या कार्यासाठी पतीने सर्वस्व दिले, त्या कार्याच्या अंगणात पत्नीला स्थान नाही! त्या पुण्यात मुलांना सांभाळीत राहिल्या. या तडजोडीने आश्रम जगला हे खरे, पण तिचे मोल त्या माउलीने दिले, आणि तिने आपल्या आत्मकथनात ते मोकळेपणी सांगितलेही आहे. चरित्रनायकाचा गौरव करताना हे झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

कार्य एकट्या कर्व्यांचे नव्हतेच. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले तरुणपणीच विधवा झाल्या, पदरी एक मुलगा. पंचविशी ओलांडल्यावर त्यांनी अक्षरांशी ओळख केली आणि आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या. वर्गणी गोळा करण्यासाठी त्या गावोगाव हिंडल्या, व्याख्याने दिली. १९१८ साली त्या अमेरिकेस गेल्या, इंग्रजी यावे म्हणून तेथे लोकांच्या घरी मोलकरणीचे काम केले, आणि तेथूनही संस्थेसाठी द्रव्य आणले. कोकणातील एक विधवा झोळी पसरीत समुद्रापार गेली, यापुढे आपली वर्गणी मागताना वाटणारी लाज किती क्षुल्लक ठरते!

कर्वे स्वतःही प्रत्येक सुटीत वर्गणीसाठी बाहेर पडत. मुंबईहून ठाण्याकडे जाणारी आगगाडी ज्या मुलुंडवरून जाते, तो मार्ग त्यांनी किती वेळा काटला असेल याची गणती नाही. तेव्हा मुलुंड हे लहानसे खेडेच होते. कर्वे फारसे वक्ते नव्हते. आवाज बारीक, बोलणे संथ. परंतु मागणाऱ्याने दिलेल्या पैशाचा हिशेब दाखविला तर देणारा पुन्हा देतो, हे त्यांनी ओळखले होते. लहानातली लहान रक्कमही ते त्याच आदराने स्वीकारीत.

१९०७ साली महिला विद्यालय निघाले, ते विधवांपुरतेच न ठेवता सर्व मुलींसाठी. आणि मग ४ नोव्हेंबर १९०८ रोजी निष्कामकर्ममठ. या मठाचे कारण व्यवहारातले होते. शिक्षक येत, चार दिवस राहत, अधिक वेतन मिळाले की जात. संस्था टिकावयाची तर जन्मभर राहणारे सेवक हवे होते. मठात येणाऱ्या स्त्री-पुरुषांनी आपले आयुष्य कार्यास वाहावे, खाजगी लाभाची इच्छा धरू नये, मठ देईल त्या निर्वाहात समाधान मानावे, असा त्याचा नियम. पार्वतीबाईंचे चिरंजीव नारायण महादेव आठवले यांसारखे कार्यकर्ते यातूनच लाभले. आपल्या विचारशास्त्राप्रमाणे लोकोपकार हा मोक्षाचा मार्ग नव्हे, आणि कर्व्यांनीही तसा दावा कधी केला नाही; त्यांचा मठ हा देवळाशिवायचा मठ होता. तरी फळाची आशा सोडून कर्म करणे हे गीतेतील वचन एखादी संस्था चालविण्याच्या कामी किती उपयोगी पडते, याचे इतके रोखठोक उदाहरण अन्यत्र क्वचितच सापडेल.

जपानातील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांना काशीहून आली होती. प्रथम ती त्यांनी बाजूस ठेवली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस भरणाऱ्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद आले तेव्हा ती पुन्हा हाती घेतली, आणि भारतातही स्त्रियांचे विद्यापीठ व्हावे अशी कल्पना परिषदेपुढे ठेवली. ३ जून १९१६ रोजी विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. भांडारकर कुलपती, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे कुलगुरू. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी एक विषय म्हणून. कर्वे त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांचे होते.

यापुढची वर्षे खडतर होती. विद्यापीठास सरकारमान्यता नाही, म्हणून त्याच्या पदवीस नोकरीच्या बाजारी किंमत नाही. पदवीस किंमत नाही म्हणून विद्यार्थिनी थोड्या. विद्यार्थिनी थोड्या म्हणून देणगीदार साशंक. या फेऱ्यातून १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाख रुपयांच्या देणगीने वाट निघाली. त्यांनी जपानचे ते विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले होते. त्यांच्या मातोश्रींच्या नावाने संस्थेचे नाव श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ असे झाले. पण दाता १९२२ साली निवर्तला, आणि पुढे अटींवरून वाद उपस्थित होऊन काही काळ व्याजाची रक्कमही थांबली. तडजोड होऊन १९३६ साली विद्यापीठाचे कार्यालय मुंबईस आले. कायद्याने पूर्ण मान्यता मिळाली ती १९५१ साली. म्हणजे स्थापनेपासून पस्तीस वर्षे! इतकी वर्षे मान्यतेवाचून संस्था चालविणे हे देणगी मिळविण्याहून कठीण काम होय.

मधल्या काळात, १९२९ साली, सत्तरी ओलांडलेले कर्वे युरोप, अमेरिका व जपान असे हिंडून आले. बर्लिनला आईन्स्टाईन यांची भेट झाली. जपानात ज्या विद्यापीठाने त्यांना प्रेरणा दिली ते डोळ्यांनी पाहिले. पुढे आफ्रिकेचा दौरा, त्यात आनंदीबाई सोबत होत्या. हे सारे विद्यापीठासाठीच.

आता थांबावे असे कोणासही वाटले असते. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नाही तेथे शाळा काढण्यासाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापिले आणि आपल्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातून दरमहा पंधरा रुपये त्यास देऊ लागले. १९४४ साली जातिभेद नाहीसा व्हावा म्हणून समता संघ काढला. विद्यापीठाचा संस्थापक गावोगावच्या पहिलीच्या वर्गासाठी पुन्हा वर्गणी मागत फिरतो, यात त्याला उणेपणा वाटला नाही. आम्हांस हा भाग त्यांच्या सन्मानांपेक्षा मोठा वाटतो.

२९ नोव्हेंबर १९५० रोजी आनंदीबाई निवर्तल्या. १९५५ साली पद्मविभूषण, १९५८ साली भारतरत्न असे सन्मान कर्व्यांकडे चालत आले. १८ एप्रिल १९५८ रोजी त्यांच्या शतसांवत्सरिक वाढदिवसाचा सोहळा मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर झाला आणि पंडित जवाहरलाल नेहरू त्यास उपस्थित होते. ज्याला गावाने ओवाळून टाकले होते त्याचे चित्र त्या वर्षी टपालाच्या तिकिटावर आले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशे चार वर्षांचे होऊन, ते पुण्यास निवर्तले. हिंगण्याच्या त्या माळरानास आज कर्वेनगर म्हणतात, आणि मुलुंड-घाटकोपरहून सकाळच्या लोकलने चर्चगेटच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलींच्या पुस्तकांवर त्या विद्यापीठाचे नाव असते.