डॉन बॉस्को : श्रमिक बालकांचे पाठीराखे

बालकल्याणाच्या इतिहासात ज्या थोड्या नावांपाशी आम्ही पुन्हा पुन्हा थबकतो, त्यांत इटलीतील कॅथलिक धर्मगुरू जॉन बॉस्को यांचे नाव आहे. 'डॉन' ही तिकडे धर्मगुरूंस लावावयाची आदराची उपाधी. ते नाव नव्हे.

१६ ऑगस्ट १८१५ रोजी तुरिन शहराच्या परिसरातील बेक्की या वाडीत, शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दोन वर्षांचे होण्यापूर्वीच पितृछत्र हरपले. सावत्र थोरल्या भावाचा शिक्षणास विरोध. म्हणून कोवळ्या वयात घर सोडून परक्याच्या शेतावर गडी म्हणून राबावे लागले. १८४१ मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली.

तुरिनच्या तुरुंगात त्यांनी बारा ते अठरा वर्षांची मुले पाहिली. सुटलेली मुले पुन्हा तेथेच परतत, कारण बाहेर त्यांचे कोणी नसे. अशा मुलांसाठी १८४६ मध्ये वाल्दोक्को येथे त्यांनी एक छपरी भाड्याने घेतली. ज्यांना प्रथम आसरा दिला, त्यांनी रात्रीत पांघरुणेच पळविली! तरीही १८४७ मध्ये पावसात भिजून आलेल्या एका अनाथ मुलास माता मार्गारिता यांनी स्वयंपाकघरात निजविले. तोच त्यांच्या वसतिगृहाचा आरंभ. वसतिगृहात वाढलेल्या आमच्या वाचकांस त्याचे मोल सांगणे नको.

चरित्रकार त्यांच्या स्वप्नांविषयी व चमत्कारांविषयी पुष्कळ लिहितात. आम्हांस मात्र १८५२ चा एक मुद्रांकित कागद अधिक मोलाचा वाटतो. एक सुतार आणि त्याचा उमेदवार मुलगा यांच्यातील तो करार. मालकाने मुलास धंद्याचेच काम द्यावे, घरगडी करू नये. चुकल्यास शब्दांनी समजवावे, मारू नये. रविवारी सुटी व वर्षातून पंधरा दिवस रजा द्यावी. ठरल्याप्रमाणे वेतन द्यावे. त्यावर मालकाची, मुलाची, त्याच्या पित्याची आणि बॉस्को यांची सही होती. दयेवर सोडलेली गोष्ट त्यांनी हक्कात बसविली.

आमच्या कसबा पेठेतील तांबट आळीत बापच मुलाचा हात धरून शिकवी, तेथे कागदाची गरज नव्हती. मात्र धंदा कोणता, हे जन्मच ठरवी. वाल्दोक्कोत १८५३ ते १८५६ या काळात जोडेकाम, शिवण, पुस्तकबांधणी व सुतारकाम यांच्या कार्यशाळा एकाच आवारात उघडल्या. चामड्याचे काम आणि पुस्तकाचे काम यांत त्या काळी आपल्याकडे केवढे अंतर होते!

धर्मप्रसार हा बॉस्को यांच्या कार्याचा गाभा होता, हे इतिहासाचा विद्यार्थी नाकारणार नाही. तो हेतू ज्यांना आपला वाटत नाही, त्यांनीही शिक्षा न करता शिस्त लावण्याची त्यांची पद्धती अभ्यासावी. १८७७ मध्ये ती त्यांनी लिहून ठेवली. छडी हाती घेणाऱ्या आम्हा शिक्षकांना ती आजही अवघड जाते.

१८५९ मध्ये त्यांनी सलेशियन संघ स्थापिला. ३१ जानेवारी १८८८ रोजी तुरिन येथे त्यांचे निधन झाले. १९०६ मध्ये संघाचे पहिले कार्यकर्ते तंजावरला आले; पुढे मुंबईत माटुंग्याला शाळा व कुर्ल्यास तंत्रशिक्षणाचे केंद्र उभे राहिले.