गॅलिलिओ आणि पडत्या गोळ्याचा हिशेब

नातू नववीत गेला आणि चाल, वेग, त्वरण ही मंडळी पुन्हा आमच्या घरात आली. मी बी.कॉम., सारं आयुष्य बँकेत गेलं. तरी त्याचं पुस्तक चाळता चाळता हा हिशेब ज्याने जुळवला त्या माणसाबद्दल वाचत गेलो.

गॅलिलिओ गॅलिली १५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतल्या पिसा शहरात जन्मला. वडील संगीतकार. मुलाने डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा (आपल्याकडे तरी वेगळं काय?). मुलगा गणितात रमला आणि १५८५ मध्ये पदवी न घेताच विद्यापीठातून बाहेर पडला. १५९२ पासून अठरा वर्षं त्याने पादुआ विद्यापीठात गणित शिकवलं. वडील वारले होते, बहिणींच्या हुंड्याचे पैसे द्यायचे होते. पगार पुरेना, म्हणून घरी विद्यार्थी ठेवून आणि मोजमापाची उपकरणं विकून तो भागवत असे.

पिसाच्या झुकत्या मनोऱ्यावरून गोळे टाकल्याची गोष्ट त्याच्या शिष्याने, विव्हियानीने, पुढे लिहिली. अनेक इतिहासकारांना ती खरी वाटत नाही. खरं काम पादुआत झालं. वस्तू झपाट्याने पडते आणि तेवढा वेळ मोजणारं घड्याळ तेव्हा नव्हतं. म्हणून त्याने पडणंच संथ केलं. लाकडी तुळईत गुळगुळीत खाच, तुळईचं एक टोक थोडं उचललेलं आणि खाचेतून घरंगळणारा काशाचा गोळा. तेवढ्या वेळात भांड्यातून बारीक धारेने पडलेलं पाणी तो तराजूत तोलायचा. निघालं ते असं: पहिल्या ठोक्याला एक हात अंतर, तर दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला पाच. एकूण १, ४, ९.

कारण सांगताना मात्र तो चुकला. वेग अंतराच्या प्रमाणात वाढतो, असं त्याने १६०४ मध्ये एका मित्राला कळवलं. पुढे स्वतःच दुरुस्ती केली: वेग वाढतो तो वेळेच्या प्रमाणात. मला यात आमचं रिकरिंग खातं दिसलं. दरमहा सारखा हप्ता म्हणजे त्वरण, साठत गेलेली शिल्लक म्हणजे वेग, आणि व्याजासाठी दर महिन्याच्या शिलकांची बेरीज करून आम्ही जे प्रॉडक्ट काढायचो, ते अंतर. मुदत दुप्पट केली की शिल्लक दुप्पट, प्रॉडक्ट जवळजवळ चौपट. नातवाला हे पटलं. चाल आणि वेग यांतला दिशेचा फरक मग त्याने मला समजावला.

दुर्बिणीने १६१० मध्ये गॅलिलिओला कीर्ती दिली. पृथ्वी फिरते या मतापायी १६३३ मध्ये रोमला खटला झाला. त्याला मत मागे घ्यावं लागलं आणि जन्मभराची नजरकैद मिळाली. फ्लॉरेन्सजवळच्या घराशेजारी मठात राहणारी थोरली मुलगी त्याची काळजी घ्यायची, औषधं करून पाठवायची. १६३४ मध्ये तीही गेली. वय अवघं ३३.

त्या दुःखातच त्याने पादुआची जुनी टिपणं पूर्ण केली. त्याची पुस्तकं छापायला बंदी होती, म्हणून हस्तलिखित देशाबाहेर गेलं आणि १६३८ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला छापलं गेलं. तोवर त्याचे दोन्ही डोळे गेले होते.

८ जानेवारी १६४२ ला तो वारला. मोठं स्मारक उभारायला चर्चने हरकत घेतली, म्हणून फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधल्या एका लहान खोलीत त्याला पुरलं. तिथून मुख्य भागात यायला १७३७ साल उजाडलं.